सगळ्यांना एकच प्रत

“पण बाई, एकटा चालवला की बिनतक्रार चालतो. मग चाचणीत तिथे बसवला की का मरतो?”

श्रीरंग हुशार होता, आणि हे त्याला कुणी वेगळं सांगायला नको होतं. रेल्वे आरक्षण केंद्राच्या मोठ्या संगणकासाठी त्याने जन्मतारखेवरून वय काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता.

‘तिथे’ म्हणजे मेमरीतली सामायिक जागा. यंत्र सुरू होतानाच काही निवडक प्रोग्रॅम तिथे बसतात आणि बंद होईपर्यंत हलत नाहीत. दोनशे खिडक्यांना तीच एक प्रत पुरते. आपला प्रोग्रॅम तिथे बसावा, एवढीच श्रीरंगची इच्छा. रविवारी यंत्र नव्याने सुरू होणार होतं. ती वेळ हुकली की तीन महिने थांबा.

मंगरूळकर बाईंनी चष्मा सारखा केला. त्यांचे अकरा प्रोग्रॅम तिथे वर्षानुवर्षं ठाण मांडून होते.

“ही ओळ कशाला?” त्यांनी त्याच्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“मोजायला. कुणी वापरला की प्रोग्रॅम स्वतःतच एक आकडा वाढवतो. किती जणांच्या कामी आला ते कळतं.”

“तिथे बसून स्वतःवर लिहायचं नसतं. यंत्र लिहूच देत नाही.”

“एवढासा तर आकडा, बाई!”



बाईंनी त्याच्या हातात पेन दिलं आणि भिंतीवरच्या स्टेशनांच्या कोडच्या तक्त्याकडे बोट केलं.

“जा. हा किती जण बघतात, ते त्याच्यावरच लिहीत राहा.”

श्रीरंग तक्त्यापुढे जाऊन उभा राहिला. पहिली रेघ ओढतो न ओढतो तोच खिडकीवरचे दिघे मागे येऊन ठेपले.

“अहो, सरका की जरा! भुसावळ दिसत नाहीये.”

श्रीरंगचे कान लाल झाले. जागेवर येऊन त्याने मुकाट्याने ती ओळ काढून टाकली.

रविवारी प्रोग्रॅम सामायिक जागेत बसला. सोमवारी सगळ्या खिडक्या उघडल्या. श्रीरंगला फार बरं वाटत होतं, पण स्वस्थ बसवेना.

“बाई, तो कुणाच्या कामी येतोय की नाही, मला कळणार कसं?”

बाईंनी डबा उघडला आणि चिवडा त्याच्यापुढे सरकवला.

“सकाळपासून तक्रारीचा फोन वाजला?”

“नाही...”

“मग सगळे वापरतायत. खा.”