झोपाळ्याची वाटणी

“…ते सगळं झालं, पण झोपाळ्याचे दोन वाटे कसे करायचे, आक्का?”

मल्हार शिंत्रे मठाच्या पायरीवर बसून विचारत होता. गोदाक्का समोर बसून शेंगा फोडत होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात त्या एकट्याच राहत.

मल्हार वकील. गावोगावच्या भावाभावांच्या वाटण्या त्यानं करून दिल्या होत्या, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. घरातही तो कोर्टातल्यासारखाच बोले. प्रत्येक भांडण जिंके. असं जिंकता जिंकता एक दिवस त्याची बायको, कुमुद, बॅग भरून बहिणीच्या गावी निघून गेली, ती परत नांदायला आलीच नाही.

रीतसर काडीमोड झाला. घर त्याला, मळा तिला. दागिने, भांडी, सगळं वाटून झालं. राहिला ओसरीवरचा सागवानी झोपाळा. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेला.

“तिला देऊन टाक,” गोदाक्का म्हणाल्या.

“ती घेते म्हणाली होती. मीच म्हटलं, माझाही हक्क आहे.”

“मग तू ठेव.”

“ठेवा, म्हणाली ती. मग मी म्हटलं, हा तुझ्यावर अन्याय होईल.”

गोदाक्कांचे हात थांबले.

“मठाला दे. इथं टांगू. येणारा-जाणारा बसेल घटकाभर.”

मल्हारनं तोंड उघडलं… आणि मिटलं.

“का रे? वकिलाला शब्द सापडंना?”

“…मग वाटणी संपेल, आक्का.”

“त्याचसाठी आलास न्हवं?”

तो नदीकडे बघत राहिला.

“बोलणी चालू आहेत तोवर ती येते,” तो हळूच म्हणाला. “उंबऱ्याबाहेर उभी राहते. आत ये म्हटलं तरी येत नाही. पण येते… ती यायची असली की मी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसतो.”

“आणि आली की काय बोलतोस?”

“झोपाळ्याचं.”

“दुसरं?”

“दुसरं बोलायला तोंड कुठंय मला?”

गोदाक्कांनी दाणे सुपात लोटले, टरफलं पदरात घेतली आणि उठून आत गेल्या.



त्याच आठवड्यात मल्हारनं स्वतःच्या हातानं झोपाळा उतरवला. टेम्पोत घातला आणि कुमुदच्या दारात नेऊन ठेवला.

“आता काय नवीन काढलंत?” ती म्हणाली.

“काही नाही. हा तुझा. सही नको, काही नको.”

तिनं फळीवरून हात फिरवला. मल्हार त्या हाताकडे बघत राहिला. वाटेत त्यानं पुष्कळ बोलणं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

“फार छळलं मी तुला,” एवढंच तो म्हणाला.

कुमुदनं मान वळवली.

“ऊन चढतंय,” ती म्हणाली. “सांभाळून जा.”

तिथून तो तडक मठात आला. सदरा घामानं भिजला होता, हाताला साखळ्यांचा काळा डाग तसाच होता.

“दिला, आक्का.”

“बरं झालं.”

“काय बरं झालं?” तो म्हणाला. “आता ती कशाला येईल? आणि मी तरी काय सांगून जाऊ? तिचं दार वाजवायला मला एकही कारण उरलं नाही.”



“मग आता जा तिच्याकडं,” गोदाक्का म्हणाल्या.