बारा ओळींची भातुकली

एकदा एका वृद्ध संगणकशास्त्र्याच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. इतरांच्या प्रोग्रॅममधील चुका पकडणारे एक साधन तिने दोन वर्षे खपून घडवले होते. उघडलेली प्रत्येक फाइल काम संपताच बंद केली की नाही, हे ते तपासत असे. आठ दिवसांनी ते एका धरणाच्या दरवाजांचा प्रोग्रॅम तपासायला जाणार होते, आणि नेमकी आताच सरावात त्याच्या नजरेतून एक उघडी फाइल निसटली.

शिष्येचे धाबे दणाणले. पण दोष आपल्या साधनाचा असेल, हे तिला पटेना.

"सर, आपण वापरतो ती तयार कोडची लायब्ररीच अवाढव्य आहे. लाखभर ओळी! तिथंच काहीतरी गोम असणार."

नाचता येईना, अंगण वाकडे, दुसरे काय!

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी ती लायब्ररी बाजूला काढली आणि तिच्या जागी बारा ओळी लिहिल्या. फाइल उघडणे, वाचणे, बंद करणे, नावे सगळी तीच. आत मात्र काहीच नाही. उघड म्हटले तरी खरे काही उघडत नव्हते.

"ही तर भातुकली झाली, सर!" ती चिडून म्हणाली. "दिवस किती थोडे उरलेत!"

"भातुकलीच आहे. चालव."

तिने चालवले. साधनाच्या नजरेतून तीच उघडी फाइल पुन्हा निसटली.

सर हळुवारपणे म्हणाले, "भातुकलीत चूल पेटत नाही, त्यामुळे धुराला बोल लावता येत नाही. पाहुणा उपाशी उठला, तर वाढणाऱ्याचंच चुकलं. अगं, परीक्षकाची परीक्षा घ्यायची, तर बाकी सारं इतकं साधं हवं, की चुकीला लपायला जागाच उरू नये. आणि आपल्यालाही."

ती खाली मान घालून कामाला बसली. तिसऱ्या दिवशी चूक सापडली. प्रोग्रॅम मध्येच थांबला तर काय पाहायचे, हे ती साधनाला शिकवायलाच विसरली होती.

या गोष्टीला वीस वर्षे झाली. सर आता नाहीत. शिष्येचेही केस पिकले, ती स्वतः शिकवू लागली. त्या बारा ओळी तिने जिवापाड जपल्या आहेत. एक अक्षरही बदललेले नाही.

परवा एक विद्यार्थिनी त्या पाहून वैतागली. "मॅडम, ही काय भातुकली आहे का?"

सरांच्या आठवणीने त्या जुन्या शिष्येला गलबलून आले.

"आहेच," ती म्हणाली. "चालव."