करंजदऱ्याची नंदसिरी

फार फार वर्षांपूर्वी, घाटाच्या कड्यात लेणी कोरलेली होती आणि लेण्यांत भिक्खुणी राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खाली करंजदरा नावाचं गाव होतं. आजही आहे.

त्या लेण्यात नंदसिरी नावाची एक भिक्खुणी आली. तिची एकुलती एक लेक लहानपणीच तापानं गेली होती. त्यानंतर घर तिला घर वाटेना. म्हणून तिनं केस उतरवले, चीवर घेतलं आणि ध्यानाला बसली.

पण डोळे मिटले की लेकीची हाक यायची. "आई!" नंदसिरी दचकून उठायची, कड्याच्या टोकापर्यंत धावायची. तिथं नुसता वारा असायचा.

उत्तरा नावाची थेरी त्या संघात सगळ्यांत वडील होती. नंदसिरी तिच्यापाशी रडली. "थेरी, ही हाक कधी थांबेल?"

उत्तरा म्हणाली, "नाही थांबली तर? श्वास येतो, त्याला तू थांबवतेस का? तशीच हाकही येऊ दे. तिला हाकलू नकोस. तिच्यामागे धावू नकोस. नीट ऐक तेवढं."

नंदसिरी ऐकायला शिकली. वर्षं गेली. हाक येत राहिली, ती बसून राहिली. ती बसली की कड्यावरची घारसुद्धा पंख मिटून तिच्याशेजारी बसायची, असं म्हणतात.

मग एका पावसाळ्यात करंजदऱ्यात ताप शिरला. माणसं इतकी भ्याली की आजाऱ्यांना शिवेबाहेरच्या खोपीत नेऊन ठेवू लागली. भाकरी लांबूनच ठेवायची आणि मागं फिरायचं.

त्या दिवशी ध्यानात पुन्हा हाक आली. "आई!" नंदसिरीनं नीट ऐकलं. हा आवाज तिच्या लेकीचा नव्हता. तो खालून येत होता.

पावसाळ्यात भिक्खुणींनी लेणं सोडायचं नाही, असा नियम होता. नंदसिरी उत्तरा थेरीसमोर हात जोडून उभी राहिली. उत्तरानं विचारलं, "आज कुणामागे धावतेयस?"

"धावत नाही, थेरी. कुणीतरी बोलावतंय."

"मग जा. बसायला शिकलीस ते कशासाठी?"

ओढा दोन्ही थड्या भरून वाहत होता. नंदसिरीनं पाण्यात पाऊल टाकलं आणि पाणी गुडघ्याखाली उतरलं, असं म्हणतात.

खोपीत नागी नावाची पोर तापानं फणफणत होती. नंदसिरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोर बरळली, "आई, आलीस?"

'मी तुझी आई नव्हे' असं नंदसिरी म्हणाली नाही. "आले गं," म्हणाली. मग पोरीच्या श्वासाबरोबर तिनं आपला श्वास लावला. तो अडखळला की ही थांबायची, तो चालला की ही चालायची. हळूहळू पोरीचा श्वास हिच्या श्वासामागून संथ चालू लागला. दऱ्यातली झाडंही त्याच लयीत हलत होती, असं म्हणतात.

ते पाहून गावाला लाज वाटली. एक बाई पाणी घेऊन आली. मग दुसरी आली. मग खोपीत प्रत्येक आजाऱ्याजवळ कुणी ना कुणी बसलं.

नागीचा ताप उतरला. तिची खरी आई शिवेवर उभी होती, घरच्यांनी तिला अडवून धरलं होतं. आता ती हात सोडवून धावत आली. नागीनं डोळे उघडले, तिला पाहिलं आणि नंदसिरीच्या मांडीवरून उठून तिच्या गळ्यात पडली. मायलेकी निघाल्या. पोरीनं मागं वळून पाहिलं नाही. नंदसिरी मात्र त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिली. मांडीवर अजून ऊब होती.

ती लेण्यात परतली नाही. पलीकडच्या खोऱ्यातून कुणाचं तरी कण्हणं ऐकू आलं, तिकडे गेली म्हणतात. त्यापुढचं कुणाला माहीत नाही.

पण करंजदऱ्यात आजही आजारी माणसाला एकटं ठेवत नाहीत. शेजारच्या घरातून कुणीतरी येऊन बसतं. त्याला तिथं 'नंदेचं बसणं' म्हणतात. नवी सून पहिल्यांदा बसायला निघते, तेव्हा घाबरून सासूला विचारते, "आत्याबाई, मी तिथं जाऊन करू काय?"

सासू म्हणते, "औषधपाणी त्यांचं ते बघतील. तू फक्त उठायची घाई करू नकोस."