वाट चुकलेल्यांचं पान

"म्हणजे आलेला माणूस चुकला, की पान हललं?"

माईंनी विचारलं. हेरंबला प्रश्न बाळबोध वाटला. बाळबोध प्रश्नांची उत्तरं द्यायला त्याला नेहमीच वेळ लागे.

"पान हललं, माई. पण आम्ही कळवलं होतं. वेबसाइटच्या पहिल्याच पानावर सूचना होती."

"जो पहिल्या पानावरून येतच नाही, त्यानं ती कुठे वाचायची?"



भागीरथीमाईंचा मठ घाटाच्या उतारावर, ओढ्याच्या काठाला. हेरंब तिथे येण्याआधी पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट बांधायचा. नोकरी सोडून तो माईंकडे आला, पण हातातली कला काही सुटली नाही. माईंच्या प्रवचनांची जुनी वेबसाइट गबाळी होती, ती त्यानं पाडून नवी उभी केली. देखणी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाखाणली. फक्त त्या भानगडीत प्रत्येक पानाचा पत्ता बदलला. जुना पत्ता घेऊन जो येई, त्याला कोरं पांढरं पान दिसे आणि त्यावर दोन ओळी : 'आपण शोधत असलेले पान अस्तित्वात नाही. कृपया पत्ता तपासावा.'

त्या सकाळी सोलापूरहून शालन कांबळे नावाच्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या नवऱ्यानं दारू सोडली होती. संध्याकाळी तलफ उसळली की तो माईंचं एक ठरावीक प्रवचन लावून बसायचा. त्याचा पत्ता कुणीतरी कधीतरी त्याच्या मोबाइलवर पाठवला होता, तेवढाच त्याला ठाऊक. आता तो पत्ता दाबला की पान नाही.

"मठ बंद पडला का हो?" बाईंनी विचारलं होतं. "हे म्हणतात, तेही दार मिटलं."

फोन माईंनीच घेतला होता.

"मी त्यांना नवा पत्ता पाठवलाय," हेरंब म्हणाला. "मिटला प्रश्न."

"तिचा मिटला."

"बाकीच्यांना शोधता येतं, माई. वर कोपऱ्यात शोधायची सोय आहे. थोडं डोकं चालवलं की सापडतं."

"डोकं चालत असतं तेव्हा माणसं आपल्याकडे येत नाहीत रे."

हेरंब जरा चिडला. "पण चुकलेल्या प्रत्येकाचं बोट धरत बसायचं म्हटलं तर..."

पुढचं त्यानं गिळलं. माई ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले.

"आज फाटकापाशी तू बस," त्या म्हणाल्या. "चुकून येतील त्यांच्याशी तू बोल."

मठात चुकून येणाऱ्यांना तोटा नव्हता. आंबेघोळला जाणारा रस्ता पूर्वी मठावरूनच जाई. ओढ्यावरचा पूल वाहून गेला, नवा रस्ता खालच्या अंगानं झाला, पण लोकांच्या मोबाइलमधल्या नकाशाला त्याचा पत्ताच नव्हता. रोज कुणी ना कुणी फाटकाशी येऊन थबके. माई हातातलं काम टाकून उठत आणि वळणापर्यंत जाऊन वाट दाखवत. हेरंबला ते आवडत नसे. एक पाटी लावली की भागलं, असं त्याचं म्हणणं. पाटी मात्र त्यानं कधी लावली नव्हती.

"काय बोलू त्यांच्याशी?"

"तुझ्या पानावर आहे तेच. पानाच्या जागी रस्ता म्हण. त्याहून एक अक्षर जास्त नको."

हेरंब हसला. माई हसल्या नाहीत.

तो फाटकाजवळच्या दगडावर जाऊन बसला. ऊन चढू लागलं तशी चढावरून एक रिक्षा धापा टाकत आली. मागे एक मध्यमवयीन बाई आणि तिला टेकून बसलेली म्हातारी. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांवर साऱ्याचा पांढुरका पडदा आला होता. बाई उतरून पुढे आली.

"दादा, आंबेघोळला हितनंच जायचं न्हवं? डोळ्यांचं शिबिर हाय तिथं. दुपारपातूर नंबर लावायला पायजे."

हेरंबनं ओसरीकडे पाहिलं. माई चिंचा फोडत होत्या.

"आपण शोधत असलेला रस्ता अस्तित्वात नाही," तो म्हणाला. "कृपया पत्ता तपासावा."

बाईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"आं?"

"आपण शोधत असलेला रस्ता... अस्तित्वात नाही. कृपया पत्ता तपासावा."

"आवं, ते कळलं. मग जायचं कुठनं?"

पुलाची सगळी हकीकत त्याच्या जिभेवर होती. खालचं वळण, चिंचेचं झाड, डावीकडचा नवा डांबरी रस्ता. त्यानं पुन्हा ओसरीकडे पाहिलं. माईंनी मान वर केली नाही.

"पत्ता तपासावा," तो पुटपुटला.

बाईचा चेहरा उतरला. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतीच परत फिरली. रिक्षावाल्यानं मोबाइल उलटासुलटा करून पाहिला, खांदे उडवले.

आतून म्हातारीचा आवाज आला.

"असू दे गं सूनबाई. चुकी आपलीच आसंल. चल माघारी घरला. पुढच्या साली बघू."

रिक्षा वळली.

हेरंब दगडावरून उठला. आणि धावत सुटला. पायात चप्पल नव्हती. उतारावर त्यानं रिक्षा गाठली, दांडीला धरून थांबवली आणि रिक्षावाल्याच्या शेजारी बसला.

परतला तेव्हा दुपार कलली होती. पाय धुळीनं भरलेले. माई त्याच जागी होत्या, चिंचा संपल्या होत्या.

"पोचल्या?"

"पोचल्या. नंबर लागला."

"एक अक्षर जास्त बोलायचं नाही, असं सांगितलं होतं मी."

"मोडलं मी ते, माई."

"पहिलं काय बोललास त्यांना?"

हेरंबनं आठवून पाहिलं.

"चूक तुमची नाही, असं म्हणालो. आजी घरी जायला निघाल्या होत्या, म्हणून आधी तेच सुचलं."

"मग?"

"मग रस्ता बदललाय म्हणालो. आणि बरोबर गेलो."

माईंनी तांब्या त्याच्यापुढे सरकवला. तो घटाघट पाणी प्याला.

दुसऱ्या दिवसापासून हेरंब कामाला लागला. आधी त्यानं ते पांढरं पान काढून टाकलं आणि त्याजागी नवं केलं. मंद जळणारी समई, मागे डोंगर, आणि स्वतः रचलेल्या चार ओळी : वाट चुकणं हीच खऱ्या वाटेची सुरुवात, अशा अर्थाच्या. त्याला स्वतःलाच ते वाचून भरून आलं. लॅपटॉप घेऊन तो माईंकडे गेला.

माईंनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "आता सांग, आंबेघोळला जायचं कुठून?"

हेरंबनं लॅपटॉप मिटला.

समई गेली, डोंगर गेला. सगळ्यात शेवटी त्यानं आपल्याच ओळी पुसल्या. मग त्यानं खरं कष्टाचं काम हाती घेतलं. ते कुणाला दिसणारही नव्हतं आणि कुणी वाखाणणारही नव्हतं. जुना एकेक पत्ता शोधून काढायचा आणि तो दाबणाऱ्याला आपोआप नव्या जागी नेऊन सोडायचं. काही पत्त्यांवर कुठलं प्रवचन होतं हेच कळेना, तेव्हा जुन्या साधकांना फोन करकरून विचारलं. सोलापूरचा पत्ता त्यानं सगळ्यात आधी जोडला आणि शालनबाईंना फोन केला.

"जुनंच बटण दाबायला सांगा त्यांना. नवं काही शिकायला नको."

फोन चालू ठेवूनच बाईंनी नवऱ्याला हाक मारली. थोडी खुडबुड झाली... आणि पलीकडून माईंचा आवाज ऐकू येऊ लागला. बाईंनी हळूच फोन ठेवला.

एवढं करूनही चुकणारे उरलेच. कुणी अक्षर चुकवे, कुणाकडे अर्धाच पत्ता असे. त्यांच्यासाठी पांढरं पान ठेवावं लागलं. आता त्यावर लिहिलं होतं : 'चूक तुमची नाही. जागा आम्ही बदलली. तुम्हाला काय हवं होतं?' त्याखाली प्रवचनांकडे जायची वाट, मठात यायची वाट, आणि ज्याला दोन्ही नको असेल त्याच्यासाठी मठाचा फोन नंबर. 'उचलायला माणूस आहे,' एवढंच त्याच्यापुढे.

महिन्याभरानं हेरंब माईंसमोर येऊन बसला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"माई, एक गंमत सांगू? कंपनीत असताना माणूस पानावर किती वेळ रेंगाळतो, यावरून आम्ही पान चांगलं की वाईट ठरवायचो. या पानावर कुणी थांबतच नाही. येतात, वाचतात आणि लगेच आपापल्या वाटेला लागतात. मी केलेलं सगळ्यात चांगलं पान हेच."

अंगणापलीकडे साधकांच्या खोल्यांची रांग होती, दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते, नव्या सभामंडपाचं काम चालू होतं. माईंनी तिकडे पाहिलं.

"मलाही असाच मठ बांधायचा होता," त्या म्हणाल्या. "पण माणसं राहायलाच लागली."