रोजची तीन पानं

डोंगर उतरून समुद्राकडे निघालं की वाटेत एक नगर लागायचं. आता ते नाही, तेव्हा शोधायला जाऊ नका. त्या नगरात एक म्हातारे चितारी राहायचे. त्यांना सगळं नगर आबा म्हणायचं. घरात आबा आणि त्यांची लेक द्वारका, दोघंच.

आबा गंजिफा रंगवायचे. गंजिफा म्हणजे खेळायचे पत्तेच, पण चौकोनी नव्हेत, पुरीएवढे गोल. कापडाला चिंचोक्याची खळ लावायची, पांढरा लेप द्यायचा, घोटून घोटून चकत्या करायच्या. मग त्यावर चित्र काढायचं आणि चित्र टिकावं म्हणून वरून लाखेचा हात द्यायचा. दहा अवतारांची दहा घराणी. प्रत्येक घराण्यात एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंत साधी पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, कल्कीच्या पानांवर तलवारी. सगळी मिळून एकशेवीस पानं झाली की डाव तयार. खेळायला तिघं लागतात.

एका दिवाळीत आबांना पणतीच्या ज्योतीभोवती धुकं दिसायला लागलं. वैद्यबुवा आले, डोळे तपासले आणि म्हणाले, "आबा, खोटं कशाला सांगू? होळीपर्यंत रंग ओळखू येतील. पुढचं माझ्या हातात नाही."

वैद्यबुवा गेल्यावर आबांनी आपले कुंचले पुसून ठेवले. मग म्हणाले, "द्वारके, आयुष्यभर लोकांसाठी डाव रंगवले. घरात एक ठेवला नाही बघ. दिसतंय तोवर तुझ्या हातच्या पानांनी एक डाव खेळायचाय. देशील करून?"

"हा काय प्रश्न झाला, आबा!" द्वारका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. त्याच आठवड्यात दोघांनी मिळून एकशेवीस चकत्या करून फळीवर रचल्या.

दिवाळी ते होळी म्हणजे साडेचार महिने. रोज एक पान रंगवलं असतं तरी डाव आरामात झाला असता. तुम्हाला कळतंय, मला कळतंय. द्वारकेलाही कळत होतं.

पण द्वारकेची एक खोड होती. मन लागलं तरच ती कुंचला हातात घ्यायची. आणि मन लागलं की मग काय विचारता! तिनं पहिल्यांदा दहा राजे काढले. काय ते मुकुट, काय ते शेले! शेजारच्या भागीकाकी तर बघतच राहिल्या. "बाई गं, हा नरसिंह आत्ता गुरगुरेल की काय!" मग दहा प्रधान झाले. सगळी आळी बघून गेली. द्वारका चार दिवस हवेत होती.

आता उरली साधी पानं. दहा मासे काढा, नऊ मासे काढा, आठ मासे काढा. तोच मासा, तेच खवले! त्यात कुणाचं मन लागणार? एक दिवस हवा दमट होती. एक दिवस कुंचल्याचे केस पिंजले. मार्गशीर्षात उपासतापास आले. पौष तर तिनं 'महिनाच वाईट, चांगलं काम कशाला सुरू करायचं' म्हणून अख्खा सोडून दिला. पौषात लग्नं करत नाहीत हे ठीक, पण मासा काढायला कसला आलाय मुहूर्त? पण द्वारकेला कोण सांगणार?

आबांनी सांगितलं नाही. ते रोज सकाळी फळीकडे बघायचे आणि पांढऱ्या चकत्या तशाच बघून नजर फिरवायचे.

माघात एका सकाळी त्यांनी ती वीस पानं ओटीवर आणली आणि भागीकाकींना हाक मारली. "या हो, डाव मांडू."

"अहो, पण पुरी कुठं झालीत पानं?" काकी म्हणाल्या.

"आहेत तेवढ्यांवर खेळू. आता उजेड चांगलाय."

द्वारका आतून हात पुसत आली. आबांनी पानं वाटली. सहा सहा प्रत्येकाला आली, दोन उरली. आबांनी पहिला राजा टाकला. राजावर बाकीच्यांनी हलकं पान द्यायचं असतं, पण हलकं पान होतंच कुणाकडे? काकींनी नाइलाजानं आपला प्रधान दिला, द्वारकेनं दिला राजा. पुढच्या हाताला तेच. काकींच्या अडकित्त्यातली सुपारी कातरून व्हायच्या आत डाव संपला.

काकी हसल्या. मग आबांचं तोंड बघून कामाचं निमित्त काढून उठल्या.

आबा पानं गोळा करत म्हणाले, "राजे सुरेख झालेत गं. असे मलाही जमले नसते." त्यांनी मत्स्याचा राजा डोळ्यांजवळ नेला, मग आणखी जवळ नेला. "फक्त खेळता येत नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं असं द्वारकेला वाटलं. ती परसात गेली आणि विहिरीच्या काठावर बसून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती कामाला बसली. एका दिवसात दहा पानं काढायचीच, असं तिनं ठरवलं. काढलीही. पण पहिल्याचा रंग वाळायच्या आत दुसरं त्यावर टेकलं, कासवांचे पाय पोटात गेले आणि मासे थेट वांग्यासारखे दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी तिनं कुंचल्याला हातही लावला नाही. ती बिघडलेल्या चकत्यांवरचा रंग धूत बसली. असं करता करता माघी पौर्णिमा उजाडली. होळीला उरला एक महिना.

"नाही जमायचं मला, आबा," ती म्हणाली. "तीस दिवस आणि शंभर पानं. माझंच चुकलं."

"चुकलंच," आबा म्हणाले. "आता मला एक सांग, स्वयंपाकाला लागायच्या आधी तुझ्यानं न बिघडवता किती पानं होतील? मन लागो, न लागो."

द्वारकेनं विचार केला. "तीन."

"मग तीनच काढायची. चौथं काढायचं नाही, तिसरं चुकवायचं नाही."

"पण आबा, तीस त्रिक नव्वद! दहा पानं उरतात."

"उरू देत. बस आता. उजेड वाया जातोय."

त्या दिवशी माशांची तीन पानं झाली. मन अजिबात लागलं नव्हतं, आणि माशांकडे बघून ते कळतही होतं. आबा म्हणाले, "हा मासा आजारी दिसतो." द्वारकेला रागही आला आणि हसूही आलं. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी तिला ताप होता. तरी ती गोधडी पांघरून बसली आणि तीन काढून झोपली. आबा शेजारी बसायचे आणि वाळलेल्या पानांना लाखेचा हात द्यायचे. कधी जुन्या डावांच्या गोष्टी सांगायचे, कधी नुसते कुंचल्याकडे बघत राहायचे.

आठ-दहा दिवसांनी एक गंमत झाली. कासव काढताना द्वारका गुणगुणायला लागली. एका कासवाला तिनं मान वळवून मागे बघायला लावलं, एकाची पाठ दगडासारखी खरखरीत केली. मन केव्हा येऊन बसलं, तिला कळलंही नाही. पण त्या दिवशीही तिनं चौथं पान काढलं नाही. कुंचला धुतला आणि तांदूळ निवडायला घेतले.

होळीच्या दिवशी सकाळी नव्वदावं पान झालं. नऊ घराणी पूर्ण झाली होती. दहाव्या घराण्याच्या दहा चकत्या फळीवर कोऱ्याच होत्या. द्वारका त्या हातात घेऊन उभी राहिली.

"कुठलं घराणं राहिलं?" आबांनी विचारलं.

"कल्कीचं."

"मग रडतेस कशाला? कल्की अजून यायचाच आहे म्हणतात. बाकीचे नऊ आले ना? बोलाव काकींना."

तिघं ओटीवर बसली. कल्कीचे राजा-प्रधान बाजूला ठेवले आणि छत्तीस-छत्तीस पानं वाटली. आबा एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "अगं, हे कासव मागे वळून बघतंय!" डाव दुपारपर्यंत चालला. काकींनी चलाखी केली, आबांनी ती पकडली, मोठी भांडणं झाली. शेवटच्या हाताला आबांनी आजारी मासा टाकला, आणि सगळ्यांकडचं मोठं संपलेलं असल्यामुळे तो हात त्या माशानंच जिंकला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चैत्र लागला आणि आबांची नजर गेली.

द्वारका रोज सकाळी बसतच राहिली. कल्कीची पानं आता काढायची होती, पण बघणारे डोळे नव्हते. पहिल्या दिवशी तिनं कुंचला दोनदा खाली ठेवला. तरी तिनं तीन पानं काढली. वाळल्यावर आबांच्या हातात दिली. त्यांनी कडा बोटांनी चाचपल्या आणि सवयीनं लाखेचा हात दिला.

"कशी झालीत गं?"

"तलवारी जरा जाड झाल्यात, आबा."

"मग उद्या बारीक काढ," आबा म्हणाले.

तात्पर्य काय, तर मन लागायची वाट बघत बसू नये. आपल्याला झेपेल तेवढंच रोजचं ठरवावं आणि तेवढं रोज करावं. मन मागून येतं, पण वाट बघण्यात गेलेले दिवस काही परत येत नाहीत.