काळ्या बिअरचे कौतुक

एकदा एक वृद्ध पारखी आपल्या शिष्याला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावी गेला. चहा, मध, मद्य, काहीही असो, एक घोट जिभेवर फिरवून त्याचे गुणदोष सांगणे हा त्याचा व्यवसाय होता. एका घोटापलीकडे तो कधीही जात नसे.

त्या गावातल्या एका तरुणाने बिअरचा छोटा कारखाना काढला होता. पहिल्याच हिवाळ्यात त्याने भाजलेल्या जवाची काळी बिअर केली, फक्त थंडीपुरती, वर्षातून एकदाच होणारी. संध्याकाळी पिंपे शहराच्या बाजारात जायची होती. त्याआधी चव पाहण्यासाठी त्याने दुपारी गावातल्या जाणत्या मंडळींना बोलावले, आणि या दोघांनाही.

"आज निकाल तू द्यायचा," वृद्ध शिष्याला म्हणाला. "तुझा शब्द तोच माझा शब्द."

ग्लास फिरले. मंडळींनी घोट घेतला, एकमेकांकडे पाहिले, आणि कौतुकाला सुरुवात झाली.

"आपल्या मातीतली आहे, लगेच कळतं," एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले.

"जरा वेगळी आहे. पण वेगळी आहे म्हणूनच तर," दुसरा म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून त्याने ग्लास हळूच खाली ठेवला.

"आपला पोरगा आहे. आपणच छान म्हणायचं नाही तर कोणी म्हणायचं?"

कोणाचाही ग्लास अर्ध्याखाली गेला नव्हता. आपल्याकडे कौतुक फुकट वाटले जाते, म्हणून ते कोणी तपासून घेत नाही.

शिष्याने शिकवल्याप्रमाणे ग्लास दोन्ही तळहातांत धरून थोडा कोमट केला, कारण गारव्यात दोष लपतो. काळ्या बिअरमध्ये तर भाजलेल्या दाण्याच्या कडवटपणामागे बरेच काही लपते. घोट घेताच त्याला शिळ्या ताकाचा आंबूसपणा लागला, आणि मागून ओल्या गोणपाटाचा वास आला. टाकी नीट धुतली गेली नव्हती. बिअर बिघडली होती.

तरुण समोरच उभा होता. "कशी झालीय?" त्याने विचारले. सगळी मंडळी शिष्याकडे पाहू लागली.

"छान झालीय," शिष्य म्हणाला. "वेगळी आहे."

तेव्हा वृद्धाने आपला ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग पुन्हा पुढे केला. तोही संपवला. तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा मंडळींत हशा पिकला.

"म्हाताऱ्याला चांगलीच लागली की. गुरुजी, घरी पोचवायला गाडी सांगू का?"

तिसरा ग्लासही वृद्धाने तळापर्यंत रिकामा केला.

गावाबाहेर येताच तो रस्त्याच्या कडेला बसला आणि ओकला. शिष्याने त्याला सावरले, पाणी दिले, आणि मग तो संतापला.

"गुरुजी, तुम्हाला कळलं नाही? आंबली होती ती."

"कळलं की."

"मग प्यायलात कशाला?"

"तू छान म्हणालास ना."

"त्याला दुखवायचं नव्हतं मला. पहिलं वर्ष आहे बिचाऱ्याचं. जीभ मृदू असावी, असं तुम्हीच सांगता."

वृद्धाचा आवाज कधी चढत नसे. आता तो चढला.

"मृदू असावी म्हणालो, खोटी असावी असं म्हणालो नाही. त्याचं मन तू जपलंस का? तू स्वतःला जपलंस. चारचौघांत वाईट कोण होणार, एवढंच भय होतं तुला, आणि त्या भयाला तू माया म्हणतोस. पारखी छान म्हणतो आणि घोट घेऊन उठतो. अख्खा ग्लास दुसराच कोणीतरी पितो. आज तो मी प्यायलो. उद्या शहरातले अनोळखी लोक पितील. ते भांडणार नाहीत, कारणही सांगणार नाहीत. नुसते पुन्हा येणार नाहीत. आणि तो पोरगा आपलं काय चुकलं ते शोधत बसेल."

"तुम्ही सांगू शकला असता."

"शब्द मी तुला देऊन टाकला होता. मागे घ्यायचा तर तूच घे. जा, गाडी अजून भरत असतील."

शिष्य धावत परतला. पिंपे ट्रकवर चढत होती. धापा टाकतच त्याने सारे सांगितले.

तरुण ऐकत राहिला. मग म्हणाला, "दुपारीच कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि बाकीच्यांना?"

शिष्याने नजर खाली वळवली. तेवढ्याने तरुणाला उत्तर मिळाले.

"कित्येक दिवस जव भाजतोय मी," तो म्हणाला. "धुरानं नाक चोंदलंय. जिभेला कशाचीच चव नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरली, तेसुद्धा समजलं नाही मला. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना बोलावलं. मला तुमच्या जिभा हव्या होत्या. कौतुक कोणी मागितलं होतं?"

"चुकलं माझं."

"आपला पोरगा, आपला पोरगा म्हणत माझ्याच नावानं मला घाण विकायला लावत होता तुम्ही. परक्यानं ती माझ्या तोंडावर थुंकली असती तर बरं झालं असतं."

तरुणाने एका पिंपातून ग्लासभर बिअर काढली आणि शिष्याच्या हातात दिली.

"आता नीट सांगा. गोड काही लावू नका."

शिष्याने सांगितले. आंबूसपणा कुठे लागतो, गोणपाटाचा वास कधी येतो, टाकीच्या कोणत्या सांध्यात जुना गाळ राहिला असेल, सगळे सांगितले. तरुणाचा चेहरा उतरत गेला, पण त्याने एकदाही मध्येच थांबवले नाही. शेवटी तो ट्रकवर चढला आणि पहिले पिंप खाली ढकलू लागला. शिष्याने खालून खांदा दिला.

शेवटचे पिंप उतरले तरी तरुणाने त्याचे आभार मानले नाहीत. शिष्यालाही ते योग्यच वाटले.