सतरंजीखालचा खड्डा

प्राण्यांच्या एका राज्यात सगळं छान होतं, फक्त भर चौकात एक खोल खड्डा होता. त्याचं नाव काढायला मात्र बंदी होती. नाव काढलं की तो वाढतो, अशी प्रधान एडकेरावांची पक्की समजूत. म्हणून त्यांनी त्यावर फुलाफुलांची सतरंजी अंथरली होती. त्याने खड्डा दिसेनासा झाला, एवढाच काय तो फायदा. कुणी त्यात गेलंच, तर "आजोळी गेला हो" म्हणायचं आणि आणखी सुंदर सतरंजी आणायची. कितीतरी जणांना अशी अचानक आजोळं फुटली होती, पण विचारायचं कुणी?

हल्ली म्हसू रेडा चौकात येऊन त्या सतरंजीकडे टक लावून बसायचा. चारा तसाच पडलेला, अंगावर माश्या, पण शेपूट हलवायचा नाही. दिसत सगळ्यांना होतं. शेळीने त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. माकडाने कोलांट्या मारून दाखवल्या. "एवढा धिप्पाड तू, तुला काय धाड भरलीय? हास बघू!" म्हणत एडकेरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हसू बिचारा हसला. ते हसू बघून माकडच रडकुंडीला आलं.

एके सकाळी म्हसू उठला आणि थेट सतरंजीच्या काठाशी जाऊन उभा राहिला. जो तो दुसरीकडे बघू लागला. तांबू कोंबडी तेवढी दाणे टिपायची थांबली. तशी ती तोंडाळ, पण आज भीतीने तिची पिसं फुलली होती. तरी तिने विचारलंच, "म्हसूदादा, खड्ड्यात जावंसं वाटतंय का रे?"

झालं! शेळीने डोळे मिटले, माकड झाडावर चढलं. "अगं भवाने, काय बोललीस हे!" एडकेराव किंचाळले. आता खड्डा वाढणार म्हणून सगळे श्वास रोखून बघत राहिले. खड्डा होता तेवढाच राहिला.

"हो गं," म्हसू म्हणाला आणि त्याने भोकाड पसरलं. "कधीपासून वाटतंय. सांगू कुणाला?"

"मला सांग. आधी इकडे ये, माझ्याजवळ बस."

म्हसू मागे वळला. तांबूला शहाणपणाचं काही सुचेना, म्हणून तिने नुसतं ऐकून घेतलं आणि माकडाला वैद्यीणबाईंकडे पिटाळलं. बाई आल्या आणि म्हसूला आपल्या घरी घेऊन गेल्या.

चौक पांगला. एडकेराव तेवढे रेंगाळले. खाकरत, इकडेतिकडे बघत ते कोंबडीजवळ आले. आता बोलणी बसणार म्हणून तिने मान आत घेतली.

"तांबूबाई," ते पुटपुटले, "मलाही विचारा ना."